जिल्हा परिषद शाळेचा हिशेब: कोणत्या दारी काय मागायचं

प्रश्न थोडक्यात असा आहे. गावच्या जिल्हा परिषद शाळेत पहिली ते पाचवीचे ६४ विद्यार्थी. विचारणाऱ्या ताई नुकत्याच शाळा व्यवस्थापन समितीच्या अध्यक्ष झाल्या आहेत. सर रजिस्टर पुढे करतात, ताई सही करतात. शाळेला किती पैसे येतात हे कुणी धड सांगत नाही. भाऊ न्यू जर्सीत एडिसनला असतो. तो म्हणतो, तिथे शाळांचं अख्खं बजेट नेटवर असतं आणि सभेत कुणीही उठून प्रश्न विचारतो. गावातले काही जण म्हणतात, सरळ माहिती अधिकार टाका. ताईंना सरांशी वाकडं घ्यायचं नाही, पण डोळे झाकून सहीही करायची नाही. सुरुवात कुठून करायची?

ताई, सुरुवात सहीपासून करा. रजिस्टर पुढे आलं की "ठेवा, वाचून उद्या करते" एवढंच म्हणायचं. यात भांडण नाही, आणि चांगल्या मुख्याध्यापकाला याचा राग येत नाही. कोऱ्या चेकवर, कोऱ्या इतिवृत्ताच्या पानावर किंवा रक्कम न लिहिलेल्या पावतीवर मात्र कुणाच्याही भिडेखातर सही करू नका. समितीच्या खात्यावर मुख्याध्यापकांइतकीच तुमचीही सही चालते. उद्या लेखापरीक्षकाने आक्षेप काढला तर "मला माहीत नव्हतं" हे उत्तर तो लिहून घेतो, पण ऐकत नाही. माझी सगळी नोकरी जिल्हा परिषदेच्या वित्त विभागात आणि पंचायत समितीच्या लेखा शाखेत गेली, म्हणून हे खात्रीने सांगतो.

आता भावाच्या मुद्द्याकडे येतो, कारण फरक तिथेच समजतो. तिकडे शाळांचा कारभार ‘स्कूल डिस्ट्रिक्ट’ नावाची संस्था पाहते. तिचं मंडळ लोक निवडून देतात आणि खर्चाचा मोठा भाग तिथल्याच घरमालकांच्या मालमत्ता करातून येतो. न्यू जर्सीत तर कायद्याने, काही अपवाद सोडता, हा कर वर्षाला २ टक्क्यांपेक्षा जास्त वाढवता येत नाही. त्यामुळे बजेटच्या सुनावणीला येणाऱ्या माणसाच्या हातात स्वतःच्या घराचं करबिल असतं. सभा उघड्या घ्यायच्या, हा कायदा तिथे १९७५ पासून आहे. आपल्या गावात शाळेच्या नावाने वेगळा कर कुणी भरत नाही. पैसा वरून येतो, वेगवेगळ्या वाटांनी येतो आणि प्रत्येक वाटेचा हिशेब वेगळ्या कार्यालयात राहतो. तुमच्या शाळेचं एकत्र अंदाजपत्रक मुख्याध्यापकांकडे नाही, गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे नाही आणि शिक्षणाधिकाऱ्यांकडेही नाही. ते लपवलेलं नाही, मुळात कुणी केलेलंच नाही. ते एका पानावर पहिल्यांदा मांडायचं काम तुमच्या समितीचं आहे.

ते पान इथेच मांडायला घेऊ. आकडे तुमच्या पटाचे.

सर्वांत मोठी रक्कम पगाराची. शिक्षण हक्क कायद्याच्या अनुसूचीप्रमाणे पहिली ते पाचवीसाठी ६० पटापर्यंत २ शिक्षक, ६१ ते ९० पटाला ३. तुमचे ६४ आहेत, म्हणजे ३. ज्येष्ठतेप्रमाणे कमीजास्त होईल, पण तिघांचा मिळून वर्षाचा पगार २० ते ३० लाखांच्या घरात जातो. हा पैसा शाळेच्या खात्यात कधीच येत नाही. राज्य शासनाकडून शालार्थ या ऑनलाइन पगार प्रणालीमार्फत थेट शिक्षकांच्या खात्यात जमा होतो, म्हणून गावात त्याला कुणी शाळेचा पैसा समजत नाही. आणि जिथे समजत नाहीत तिथे विचारतही नाहीत.

दुसरीकडे, ज्यावरून गावोगाव मुख्याध्यापकांशी खटके उडतात ते समग्र शिक्षा या केंद्र पुरस्कृत योजनेचं संयुक्त शाळा अनुदान. ते पटावर ठरतं. ३० पर्यंत १० हजार, ३१ ते १०० पर्यंत २५ हजार, २५० पर्यंत ५० हजार, १००० पर्यंत ७५ हजार आणि त्यापुढे १ लाख. तुमच्या शाळेला वर्षाचे २५ हजार, त्यातले किमान १० टक्के म्हणजे अडीच हजार स्वच्छतेवर खर्च करायचे. बाकीच्यात वीजबिल, किरकोळ दुरुस्ती, पाणी, शैक्षणिक साहित्य, रजिस्टरं. पगाराच्या रकमेशेजारी हे २५ हजार ठेवून पाहा. शंभरात एकाच्या आसपास भरतील. मी असे गाव पाहिले आहेत जिथे खडू आणि फिनेलच्या बिलांवरून दोन वर्षं तक्रारी चालल्या, आणि त्याच दोन वर्षांत एका शिक्षकाची जागा रिकामी होती. त्या रिकाम्या जागेची किंमत वर्षाला ७-८ लाख, आणि तो तोटा थेट मुलांचा. त्यावर एकही अर्ज नव्हता.

म्हणून पहिला कागद मागायचा तो संचमान्यतेचा, म्हणजे शाळेच्या शिक्षकपदांच्या मंजुरीचा. दरवर्षी ३० सप्टेंबरच्या पटावर ती ठरते. तिच्यात तुमच्या शाळेला मंजूर पदं किती, कार्यरत किती, रिक्त किती हे स्पष्ट लिहिलेलं असतं. मग हजेरीपत्रकाशी ताडून बघा. कागदावर तिघे कार्यरत आहेत आणि वर्गात दोघेच दिसतात, असं असेल तर तिसरा कुठे ‘कामगिरीवर’, म्हणजे तात्पुरता दुसरीकडे नेमलेला, आहे ते विचारा. कधी तो पंचायत समितीच्या कार्यालयात असतो, कधी दुसऱ्या शाळेत. कामगिरीचा आदेश लेखी असतो, त्यावर तारीख असते, मुदत असते. मुदत संपलेली असेल तर समितीचा एक ठराव आणि गटशिक्षणाधिकाऱ्यांना एक पत्र, एवढ्यावर माणूस परत आल्याची उदाहरणं भरपूर आहेत. पद खरोखर रिक्त असेल तर भरती पवित्र या राज्याच्या शिक्षक भरती पोर्टलमधून होते, ती तुमच्या हातात नाही. पण तोवर तात्पुरती सोय काय केली हे विचारणं तुमच्या हातात आहे.

पटाच्या आकड्याला एवढं महत्त्व का, हे जुन्या लोकांना आठवत असेल. ३ ते ५ ऑक्टोबर २०११ ला राज्यभर पटपडताळणी झाली. तीच मुलं दुसऱ्या शाळेत पुन्हा मोजली जाऊ नयेत म्हणून त्यांच्या बोटाला शाई लावली होती, मतदानाला लावतात तशी. कित्येक ठिकाणी, विशेषतः काही खासगी अनुदानित संस्थांत, कागदावरची मुलं वर्गात सापडलीच नाहीत. आता पट आधारशी जोडला आहे, त्यामुळे तो प्रकार अवघड झाला. पण २०२५ मध्ये नागपूर विभागात बोगस शालार्थ आयडी काढून न नेमलेल्या शिक्षकांचे पगार उचलल्याचं प्रकरण उघडकीला आलं, तेव्हा दिसलं की आधी मुलं खोटी असत, आता शिक्षक खोटे निघू लागले. तिथला मुख्य प्रकार खासगी अनुदानित शाळांमधला होता, तुमच्यासारख्या गावच्या शाळेत त्याची शक्यता कमी. तरी सवय म्हणून संचमान्यता, पगारपत्रक आणि वर्गातली माणसं यांचा मेळ वर्षातून एकदा घालावा.

आता अनुदानाच्या २५ हजारांबद्दल. लहान असले तरी ते तुमच्या सहीचे आहेत, त्यामुळे त्यांचा हिशेब चोख हवा. २०२१ नंतर केंद्र पुरस्कृत योजनांचा पैसा एका मध्यवर्ती खात्यातून चालतो. शाळेचं खातं शून्य शिलकीचं असतं आणि शाळेला फक्त खर्चाची मर्यादा मिळते. बँकेत पासबुक भरायला गेलात तर शून्य दिसेल, त्याने घाबरू नका. खर्च पीएफएमएस या केंद्राच्या ऑनलाइन प्रणालीवर नोंदवून, पीपीए, म्हणजे बँकेला पैसे देण्याची छापील सूचना, काढून, दोघांच्या सहीने पैसे थेट दुकानदाराच्या खात्यात जातात. यात एक चांगली गोष्ट झाली, रोखीने व्यवहार जवळजवळ बंद झाले. वाईट अशी की मर्यादा उशिरा येते, कित्येकदा फेब्रुवारी-मार्चमध्ये, आणि ३१ मार्चला न वापरलेली मर्यादा परत जाते. मग मार्चच्या शेवटच्या आठवड्यात जे मिळेल ते, जिथून मिळेल तिथून घेतलं जातं. शाळेच्या कपाटात न उघडलेले तक्त्यांचे गठ्ठे दिसले तर त्यामागे बहुतेक वेळा भ्रष्टाचारापेक्षा मार्च महिना असतो. उपाय साधा आहे. काय घ्यायचं त्याची यादी दरांसकट जुलै-ऑगस्टच्या बैठकीतच ठराव करून ठेवायची. मर्यादा आली की दुसऱ्या दिवशी खरेदी.

कागद कोणते बघायचे? किर्द, म्हणजे रोजचं जमाखर्चाचं पुस्तक. प्रत्येक खर्चाचं प्रमाणक, म्हणजे व्हाउचर, त्यावर दुकानाचं पक्कं बिल. वस्तू टिकाऊ असेल तर तिची जडसंग्रह नोंदवहीत नोंद. शाळेत सगळे तिला डेडस्टॉकच म्हणतात. आणि शेवटी उपयोगिता प्रमाणपत्र, म्हणजे पैसा ठरल्या कामावरच खर्च झाल्याचा दाखला. या चारांची साखळी जुळली पाहिजे. माझी पद्धत उलटी होती. मी आधी डेडस्टॉक उघडून वर्गात फिरायचो. नोंदीत सहा पंखे आहेत, छताला चार आहेत, तर उरलेले दोन कुठे ते विचारायचं. किर्द नंतर. बिलं जुळवता येतात, पंखे जुळवता येत नाहीत. पूर्वी मिळणारं सादिल, म्हणजे खडू-झाडू-वीजबिलाचं किरकोळ अनुदान, आता कधी येतं कधी येत नाही. त्याचं काय झालं हे पंचायत समितीत विचारा, शाळेत नाही.

पोषण आहार हा तिसरा मोठा प्रवाह, आणि पालकांना सर्वांत सहज तपासता येईल असा. मे २०२५ पासून पहिली ते पाचवीच्या मुलामागे रोजचा साहित्य खर्च ६ रुपये ७८ पैसे आणि सहावी ते आठवीला १० रुपये १७ पैसे धरला आहे. केंद्राचा वाटा ६० टक्के, राज्याचा ४०. तांदूळ वेगळा, पाचवीपर्यंत १०० ग्रॅम. तुमच्या ६४ मुलांसाठी रोज ६ किलो ४०० ग्रॅम तांदूळ आणि साधारण ४३४ रुपयांचा बाकी खर्च. वर्षाला किमान २०० दिवस शाळा चालली पाहिजे, तेवढे धरले तरी जवळपास ८७ हजार रुपये आणि १२८० किलो तांदूळ होतो. शाळा अनुदानाच्या तिपटीहून जास्त. ग्रामीण भागात डाळी, तेल, मसाला पुरवठादाराकडून येतो आणि इंधन-भाजीपाल्याची रक्कम शाळेकडे, त्यामुळे हा सगळा पैसा म्हणून हाती दिसत नाही.

इथे तपासणी एकाच आकड्याची करायची, ताटावर बसलेल्या मुलांची. दुपारी जाऊन मोजा, मग त्या दिवशीची लाभार्थी नोंद बघा. एक दिवस २-३ चा फरक पडेल, आजारी असतात, कुणी आजीकडे जातं. महिनाभर नोंद ६४ आणि ताटं ४५ अशी असतील तर प्रश्न आहे. चव नोंदवही आहे का ते पाहा. शिजलेलं अन्न मुलांना वाढण्याआधी चाखून नोंद करायची असते, आणि समितीतल्या पालकांनी आळीपाळीने ते करावं, अशी अपेक्षा आहे. महिन्याभराच्या नोंदी एकाच शाईत, एकाच हस्ताक्षरात, एका बैठकीत लिहिलेल्या ओळखू येतात. धान्य आलं त्या दिवशी वजन करून घ्या. पोत्यावर ५० किलो छापलेलं असतं, आत तेवढंच असतं असं नाही. आणि ती तूट पुढे मुख्याध्यापकांच्या गळ्यात पडते. वजनाच्या वेळी एक पालक हजर राहिला तर सर तुमचे आभारच मानतील.

गणवेशाचं प्रकरण मुद्दाम सांगतो, कारण अधिकार गावात असणं आणि मुंबईत असणं यातला फरक त्यातून दिसतो. दोन जोड्यांसाठी मुलामागे ६०० रुपये, तुमच्या शाळेला ३८ हजार ४०० रुपये. ही खरेदी समिती करायची. २०२४-२५ ला ‘एक राज्य एक गणवेश’ म्हणून कापड मध्यवर्ती खरेदीने आणलं, शिलाई बचत गटांकडून करून घ्यायचं ठरलं. कित्येक शाळांत स्वातंत्र्यदिन उलटून गेला तरी गणवेश पोचले नाहीत, आले ते मापात बसेनात. डिसेंबर २०२४ मध्ये शासनाने निर्णय फिरवला आणि खरेदी पुन्हा समित्यांकडे दिली. समित्या सगळ्या धुतल्या तांदळाच्या आहेत असं मी म्हणत नाही. दुकानदाराशी संगनमत करून हलकं कापड घेणाऱ्या समित्याही मी पाहिल्या. पण ते कापड गावातल्याच पोराच्या अंगावर असतं, आणि त्याची आई विचारायला दारात येऊ शकते.

इमारतीचा पैसा पूर्ण वेगळ्या दाराने येतो. खोल्या जिल्हा परिषदेच्या मालकीच्या. दुरुस्ती आणि नवीन खोल्या मुख्यतः जिल्हा नियोजन समितीच्या निधीतून होतात. तिचे अध्यक्ष पालकमंत्री. काम जिल्हा परिषदेच्या बांधकाम विभागाचं, कंत्राटदार त्यांचा. मुख्याध्यापकांना कित्येकदा काम सुरू झाल्यावरच कळतं की काम मंजूर झालं होतं. त्यामुळे छत गळतं म्हणून सरांना धारेवर धरणं व्यर्थ आहे. मागायचं ते बांधकाम उपअभियंत्याच्या कार्यालयात: प्रशासकीय मान्यता, अंदाजपत्रक आणि मोजमाप पुस्तिका. अंदाजपत्रकात लिहिलेलं असतं, किती चौरस मीटर पत्रा, किती जाडीचं प्लास्टर, किती दारं. मोजमाप पुस्तिकेत किती केल्याचं दाखवून बिल काढलं ते. टेप घेऊन गावातला गवंडी उभा केला तर अर्ध्या तासात हिशेब कळतो. पूर्णत्वाच्या दाखल्यावर शाळेची सही मागितली जाते. काम बघितल्याशिवाय ती देऊ नये, असा ठराव आधीच करून ठेवा.

एखादी खोली धोकादायक असेल तर तिच्या निर्लेखनाचा, म्हणजे ती वापरातून काढून नोंदीतून कमी करण्याचा, प्रस्ताव गेला आहे का, हे आजच विचारा. उद्यावर टाकू नका. ऑगस्ट २०१७ मध्ये नगर जिल्ह्यातल्या निंबोडीत शाळेचं छत पडून तीन मुलं गेली. अशा घटनेनंतर जिल्ह्यातली यंत्रणा काही महिने धावते, मग पुन्हा थंडावते. निर्लेखन झाल्याशिवाय जुनी खोली पाडता येत नाही, आणि ती उभी असेपर्यंत कागदावर खोल्या पुरेशा दिसतात, म्हणून नवी मंजूर होत नाही. हा पेच समितीच्या लेखी ठरावाने आणि पाठपुराव्यानेच सुटतो.

यावरून एक गोष्ट, जी फार थोड्या समित्यांना माहीत असते. शाळेला पुढच्या वर्षी काय मिळणार हे मोठ्या प्रमाणात यू-डायस प्लस या शाळांच्या माहितीच्या सरकारी संकेतस्थळावर भरलेल्या माहितीवरून ठरतं. शाळेचा ११ अंकी यू-डायस क्रमांक असतो, महाराष्ट्रातला २७ ने सुरू होतो. त्या संकेतस्थळावर क्रमांक टाकला की शाळेचा अहवाल कुणालाही दिसतो: खोल्या, स्वच्छतागृहं, पाणी, वीज, शिक्षक, पट. तो फोनवर उघडा आणि शाळेत उभं राहून एकेक ओळ ताडून बघा. मुलींचं स्वच्छतागृह ‘वापरात’ असं भरलं आहे आणि प्रत्यक्षात त्याला दार नाही, तर दुरुस्तीचा निधी येणार कुठून? कागदावर ते चांगलंच आहे. हे खोटं बहुतेक वेळा वाईट हेतूने लिहिलेलं नसतं. वरून ‘शंभर टक्के’ अहवाल हवा असतो, म्हणून केंद्रप्रमुख, म्हणजे आसपासच्या शाळांवर देखरेख ठेवणारे अधिकारी, फोन करून सांगतात आणि सर भरून टाकतात. समितीने ठराव करून माहिती दुरुस्त करायला सांगितली तर सरांनाही वर दाखवायला कारण मिळतं.

आणि याच माहितीवर शाळा विकास आराखडा उभा राहतो. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २२ प्रमाणे तो समितीनेच करायचा असतो, आणि कलम २१ प्रमाणे शाळेला कुठूनही आलेल्या अनुदानाच्या वापरावर देखरेख ठेवणं हे तुमचं काम आहे. समितीत किमान तीन चतुर्थांश पालक आणि निम्म्या महिला असतात, अध्यक्ष पालकांतून आणि मुख्याध्यापक सचिव, हे सगळं यासाठीच केलं. प्रत्यक्षात आराखडा मागच्या वर्षीचा छापील नमुना, तारीख बदलून, असा सापडतो. त्याची प्रत मागा. त्यात ‘संरक्षक भिंत’ लिहिलेलं असेल आणि तुमच्या शाळेला भिंत आधीच असेल, तर आराखडा कुठून उतरवला ते कळेल.

ग्रामपंचायतीला विसरू नका. पंधराव्या वित्त आयोगाच्या निधीतला ८० टक्के वाटा आपल्या राज्यात थेट ग्रामपंचायतीला मिळत आला, आणि त्यातला ६० टक्के भाग पाणी आणि स्वच्छतेसाठीच बांधलेला होता. शाळेचं पिण्याचं पाणी, हात धुण्याची जागा, स्वच्छतागृह ही कामं त्यात बसतात. पण ती ग्रामपंचायत विकास आराखड्यात आली पाहिजेत, आणि तो ग्रामसभेत ठरतो. वर्षातल्या चार ग्रामसभांपैकी एखादीत समितीचा लेखी ठराव वाचून दाखवा आणि इतिवृत्तात घ्यायला लावा. मागच्या वर्षांत शाळेच्या नावावर काय काय खर्च दाखवला आहे ते ई-ग्रामस्वराज या ग्रामपंचायतींच्या हिशेबाच्या संकेतस्थळावर दिसतं. शाळेच्या आवारात न सापडणारा एखादा हातपंप तिथे सापडू शकतो. सरपंच गावचेच, त्यामुळे हे सभ्यपणे विचारायचं, पण विचारायचंच.

आता माहिती अधिकार. तो पहिल्या दिवशी टाकू नका, असं मी सांगतो. तुम्ही अध्यक्ष आहात, समितीचे कागद बघायला तुम्हाला अर्जाची गरज नाही. बैठकीत विषय घ्या, ‘मागील वर्षाचा जमाखर्च वाचन’. बैठक दर महिन्याला व्हायलाच हवी. इतिवृत्तात लिहून घ्या की कोणते कागद ठेवले, कोणते ठेवले नाहीत. दोन बैठका टाळाटाळ झाली तर गटशिक्षणाधिकाऱ्यांना पत्र, सोबत दोन्ही इतिवृत्तांच्या प्रती. निम्मी प्रकरणं इथेच संपतात, कारण सरांना कागद द्यायला हरकत नसते, फक्त ते नीट लावलेले नसतात. प्रशिक्षण तुम्हाला कुणी दिलं नाही तसं लेखे ठेवायचं प्रशिक्षण त्यांनाही कुणी दिलेलं नाही. ते शिक्षक आहेत. कारकून, आचारी आणि ठेकेदार ही कामं त्यांच्या माथी मारलेली आहेत.

शाळेबाहेरच्या कार्यालयांसाठी मात्र अर्ज लागतो. महाराष्ट्राच्या नियमांप्रमाणे एका अर्जात एकच विषय आणि १५० शब्दांपर्यंत, १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प. लोक चूक काय करतात, तर ‘गेल्या दहा वर्षांचा सर्व खर्च द्यावा’ असं लिहितात. मग उत्तर येतं, माहिती विस्तृत आहे, इतके हजार पानांचे पैसे भरा. त्यापेक्षा अवलोकन मागा, म्हणजे कार्यालयात बसून कागद बघायची परवानगी. पहिला तास फुकट असतो, आणि नस्ती, म्हणजे फाइल, समोर उघडल्यावर नेमकी कोणती चार पानं हवीत ते तुम्हालाच दिसतं. अर्ज असा लिहा: "आमच्या शाळेच्या (यू-डायस क्रमांक) वर्गखोली दुरुस्तीच्या कामाची, सन अमुक, प्रशासकीय मान्यता, अंदाजपत्रक व मोजमाप पुस्तिका यांचे अवलोकन करू द्यावे व मी निवडलेल्या पानांच्या साक्षांकित प्रती द्याव्यात." एवढंच. ‘का’, ‘कोणी जबाबदार’ असले प्रश्न घालू नका, तो कायदा कागद देतो, कारणं देत नाही. कार्यालय चुकलं तर त्यांनीच ५ दिवसांत योग्य ठिकाणी पाठवायचं असतं. ३० दिवसांत उत्तर नाही तर पुढच्या ३० दिवसांत पहिलं अपील. दुसरं अपील राज्य माहिती आयोगाच्या खंडपीठाकडे जातं, तिथे वाट पाहायची तयारी ठेवा. जिल्हास्तरीय कार्यालयं आणि स्थानिक स्वराज्य संस्थांमध्ये दर सोमवारी दुपारी ३ ते ५ अभिलेख बघू द्यावेत, असं परिपत्रक २०१८ मध्ये निघालं आहे. त्याची प्रत सोबत ठेवा, कारण समोरच्या लिपिकाने ते वाचलेलं असेलच असं नाही.

जिल्हा पातळीवर कोण प्रश्न विचारतं, हे थोडक्यात. १९६१ च्या कायद्याप्रमाणे जिल्हा परिषदेची शिक्षण समिती असते, मार्चमध्ये सर्वसाधारण सभेत अंदाजपत्रक येतं, तुमच्या गटातून निवडून गेलेला सदस्य तिथे बोलू शकतो. २०२२ मध्ये बहुतेक जिल्हा परिषदांची मुदत संपली आणि निवडणुका लांबल्या. मग कित्येक वर्षं प्रशासकच अंदाजपत्रक मांडणारे आणि तेच मंजूर करणारे. त्या काळात शाळांच्या खरेदीवर सभेत उभं राहून विचारणारं कुणी नव्हतं. वर्षानंतर स्थानिक निधी लेखापरीक्षा येते, आक्षेप काढते, अनुपालन, म्हणजे त्या आक्षेपांवर काय केलं त्याचं उत्तर, मागते. विधिमंडळाची पंचायत राज समिती जिल्ह्यात येते तेव्हा विश्रामगृहं रंगवली जातात आणि जुन्या नस्त्यांवरची धूळ झटकली जाते. लेखापरीक्षणाचे परिच्छेद माहिती अधिकारात मिळतात. तुमच्या तालुक्याच्या शिक्षण विभागावरचे मागा, वाचायला कंटाळवाणे आहेत, पण पैसे नेमके कुठे अडतात ते त्यातच असतं.

लोकवर्गणीचा मुद्दा तुम्ही विचारला नाही, तरी सांगतो, कारण गावात शेवटी ठिणगी पडते ती तिथेच. शैक्षणिक उठाव म्हणून टीव्ही, रंगरंगोटी, वॉटर फिल्टर गोळा होतात. सरकारी पैशाचा निदान लेखापरीक्षक तरी येतो, वर्गणीचा कुणीच येत नाही. प्रत्येक रुपयाला छापील पावती, वस्तू असेल तर डेडस्टॉकला नोंद, आणि देणाऱ्यांची नावं-रकमा शाळेच्या दर्शनी फलकावर. फोन-पेने पैसे आले तर कुणाच्याही वैयक्तिक नंबरवर घेऊ नका, सरांच्याही नाही आणि तुमच्याही नाही. प्रवेशासाठी किंवा दाखल्यासाठी कुणी वर्गणी मागितली तर ती वर्गणी नाही, कायद्याने बंदी असलेली वसुली आहे.

मागच्या समितीच्या काळातली एखादी पीपीए किंवा प्रमाणक "तेवढी राहिली" म्हणून आता सहीला येईल. समितीची मुदत दोन वर्षांची, नवी आली की जुन्या अध्यक्षांच्या सहीचा अधिकार बँकेतून काढून तुमचा नमुना जावा लागतो, आणि यात महिना-दोन महिने जातात. मागच्या समितीच्या काळातल्या खर्चावर जुन्याच अध्यक्षांची सही हवी. तुम्ही फक्त सरांकडून पदभाराची यादी घ्या: खात्यातली मर्यादा किती, कोणती बिलं बाकी, डेडस्टॉकमध्ये काय. त्या यादीवर तारीख घाला आणि मगच खाली सही करा.